गरम अंडं

आमच्या शेजारची तुळसाक्का कोंबड्यांशी उर्दूत बोलती. आपल्यासारखं हाड हाड न्हाई, अदबीनं. "आओ लाल बी, आओ कबरी बी, हल्लू खाओ." पाच कोंबड्या, पाचीच्या पाची बी, म्हणजे बाईसाहेब. मी निर्ण्याला नांदायला आले तवा मला वाटलं पलीकडं पाव्हण्या आल्यात. एकदा इचारलं, "अक्का, कोंबड्यांना उर्दू कामून?" तर म्हणली, "हुमनाबादच्या मुसलमानाच्या घरनं आणलेल्या हैत. त्यांची माय बी तेच ऐकत वाढली. आता तुझ्यासाठी मराठी शिकवू व्हय त्यांना?"

भाज्यांना मातर मराठी. अन् माणसांना, राग आला की, कन्नड. तिचं परसू आमच्या परसाला लागून, मधी कमरेएवढी मातीची भिंत. वांगी, मिरची, मेथी, शेपू, वर दोडक्याचा वेल. भांडे धुतलेलं पाणी, अंगोळीचं पाणी, समदं वाफ्याला. कुणी न इचारता एक मिरची तोडली तर दिवस मावळंपर्यंत "एनु? एनु?" म्हणजे काय? काय? करीत गल्लीभर हिंडायची. वांगं वढायचं न्हाई, देठ धरून हलकंच पिळायचं. "दुखतंय त्याला," म्हणायची. शेपूला तर कुणाचा हातच लागू द्यायची न्हाई. इकायची न्हाई, स्वतः बी खायची न्हाई. तसाच फुलावर जायचा, बी धरायचा, की परत पेरायची. गल्लीतल्या बाया हसायच्या, मी बी हसायचे.

मग मला लेकरू झालं अन् माझं हसू गेलं. मला माय न्हाई म्हणून बाळंतपण सासरीच. आमचे हे मन्नाएखेळ्ळीकडं सडकेच्या कामावर. पोरगी एवढीशी, उंदराच्या पिलासारखी, रडली तर आवाज बी निघंना. वीस-बावीस दिवसांची असंल, नर्सबाई सायकलीवर आली, पोरीला काट्याला लावली अन् तोंड बारीक केली. "तुझ्या अंगावर दूधच न्हाई. रोज अंडं खा, पालेभाजी खा. न्हाईतर लेकरू हातचं जाईल बघ." एवढं बोलून सायकलीवर बसून गेली बी. मी तिसरीपोत शिकलेली, मला समदं समजलं न्हाई, पण हातचं जाईल तेवढं समजलं. आमच्या आत्याबाई म्हणजे सासू, त्या म्हणल्या, "या घरात अंडं शिजलं न्हाई अन् शिजणार न्हाई. काई व्हत न्हाई लेकराला." मी रातंदिस पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसायचे.

एक दिवस आत्याबाई दुपारच्या देवळात गेल्या. पोरगी झोपलेली. तुळसाक्का वढ्यावर धुण्याला गेलती. मी भिंत वलांडली. बाळंतीण, तरी वलांडली. खुराड्यात दोन अंडे व्हते, थंडगार. कोपऱ्यात टोपली, तीत लंगडी बी पंख पसरून बसलेली. हात घातला तर अंडे गरम गरम. आमच्या घरी कधी अंडं आलंच न्हाई, मला काय ठाव? मला वाटलं, गरम हाय म्हणजे आत्ताचं, ताजं. नर्सबाई ताजंच खा म्हणली असती. कोंबडी टोचायली, मनगटातनं रगत निघालं, तरी दोन घेतले. थंड व्हते ते तसेच ठिवले, शिळे म्हणून.

परत येऊन एक दगडावर फोडलं, कच्चंच प्यावं म्हणून. आत पिवळं न्हवतंच काई. डोळे मिटलेलं, वलं, पंख अंगाला चिकटलेलं पिल्लू व्हतं.

घरात पळाले अन् पोरीला पाजायला घेतलं तर ती तोंडच लावंना. माझ्या मनानं घेतलं, म्या एकीचं लेकरू मारलं, आता माझं जाणार. तशीच भिंतीपाशी जाऊन हुबी राहिले. तुळसाक्का धुणं घेऊन आली, माझ्याकडं बघून म्हणली, "एनु गं? बाळंतीण उन्हात?"

"अक्का, म्या दोन अंडे चोरले. गरमवाले."

तिनं धुण्याची बालदी टाकून दिली. "अगं येडे! पंधरा दिस झालते कोंबडी उबवायला बसवून! गरम अंडं कोण खातंय? दुसरं कुठाय?"

दुसरं माझ्या ओच्यात व्हतं, पोटाला लागून. तिनं हात घालून काढलं, कानाला लावलं, पळत जाऊन कोंबडीखाली सारलं. "माफ करो बी, बच्ची है, अक्कल नै." मग माझ्याकडं वळली. आता कन्नड सुरू व्हणार म्हणून मी डोळे मिटले.

"कामून चोरलीस?" म्हणली. मराठीत.

मी सांगितलं. अंगावर दूध न्हाई म्हणून. तशी ती शेपूच्या वाफ्यात बसली अन् मुठी भरभरून शेपू उपटायला लागली. समदा वाफा. "शेपूनं दूध उतरतंय," म्हणली. शेपू शिजवून, थंडे अंडे उकडून मला खुराड्याच्या मागं बसवलं अन् भिंतीवर नजर ठिवून हुबी राहिली. "खा बिगीन. तुझी सासू आली तर मी खोकते." त्या दिवसापासून रोज दुपारी तसंच. एकदा तिला खरंच खोकला आला अन् मी अर्धं अंडं तसंच गिळलं, ठसका लागून मराया झाले.

दूध आलं. लई न्हाई, पण आलं. सव्वा महिना झाला, मी पोरीला घेऊन भिंतीपाशी गेले. "अक्का, बगा की." तिनं तोंड फिरवलं.

"झाकून ने तिला, माझी नजर लागंल. म्या तीन लेकरं पुरल्यात. एक बी नाव ठिवंपर्यंत राहिलं न्हाई. तवापासून मी बाळंतिणीच्या घरी जात न्हाई, कुणी बोलवत बी न्हाई." मग मोकळ्या वाफ्याकडं बघून म्हणली, "शेपू पहिल्या बाळंतपणाच्या वक्ताला पेरलता. माझ्यासाठी. काढायचं कामच पडलं न्हाई."

खोटं कामून बोलू, माझा पाय मागं सरकला. तिनं बघितलं. वाकून वांग्यातलं गवत काढायला लागली. मी तिच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं. भ्या गेलं न्हवतं, तरी म्या पोरीला भिंतीवरनं पुढं केलं.

"धरा अक्का. माझे हात दुखायलेत."

तिनं मातीचे हात बघितले. बालदीत धुतले. परत धुतले, कोपरापोत. पदराला पुसले, वास घेऊन बघितला. मग पोरीला घेतलं, लांबच धरलं, अंगाला लावलं न्हाई.

"लई जड हाय की गं," म्हणली.

जड कुठली? गल्लीत माझ्या पोरीएवढं हलकं लेकरू न्हवतं. पण मी म्हणलं, "व्हय अक्का, जडच हाय. छातीला धरा, मग जमतंय."