गौराक्का आणि फोनमधली बाई

आमच्या शेजारच्या गौराक्का कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाकायला निघाल्या तरी आधी फोनवर नकाशा लावतात. गिरणी आमच्या खिडकीतून दिसते, बरं का! पण नाही. "बाईला इचारू की!" ही बाई म्हणजे फोनमधली, 'डावीकडे वळा' म्हणणारी. गौराक्का तिला "व्हय गं, वळते" असं उत्तरही देतात.

साठी उलटल्यावर त्यांना दोन नाद एकदमच लागले. लांब लांब चालत जायचं, आणि जाताना फोनला उसंत द्यायची नाही. एक ॲप पाणी प्यायची आठवण करतं. ते वाजलं की भर हायवेला थांबायचं, स्वतः प्यायचं, मलाही पाजायचं. मग आडोसा शोधत फिरायचं ते वेगळंच. दुसरं एक ॲप झाडाचा फोटो बघून नाव सांगतं. बाभळीला त्यानं कसलंसं परदेशी नाव दिलं, तशा ह्या फोनवर खेकसल्या, "आगं, बाभळ हाय ही! काटा मला मोडलाय, तुला न्हाय!"

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी अक्कलकोटला पायी निघालो. वळसंगला चहा घेतला, थोडं पुढं गेलो, आणि गौराक्का थबकल्या.

"बाई म्हणती, हितनं डावीकडं."

"मला नाही ऐकू आलं. पाटी तर सरळ दाखवतेय."

"पाटीला काय कळतंय? चला!"

तुरीच्या रानातून, बांधावरून आम्ही चाललो. ओढा आला. "त्या काळ्या दगडावर पाय देऊ नका, हलतो त्यो. बाई म्हणती."

आता फोनमधल्या बाईला हलणारा दगड कसा कळावा? मी त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत डोकावले. फोन केव्हाच मेलेला! पडदा काळाकुट्ट.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गौराक्कांचं माहेर ह्याच भागातलं. भाच्याच्या लग्नात भावानं पत्रिका फोनवर धाडली, अक्षत घेऊन दारात कुणी आलं नाही. ह्या रुसल्या, लग्नाला गेल्याच नाहीत. तिकडून पुन्हा बोलावणं नाही, आणि बोलावल्याशिवाय माहेरी जायचं कसं? इतकं चालणं, इतकी ॲप... सगळं ह्याच वाटेसाठी होतं तर! गुमान दगड चुकवून ओढा ओलांडला.

पलीकडं पत्र्याचं घर. अंगणात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. गौराक्का फाटकापाशीच थांबल्या. एवढ्या बोलघेवड्या, पण पदर सावरायलाच किती वेळ लावला!

"मी काय आले न्हाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "ह्या फोननं वाट चुकीवली. पाणी पिऊन जातो आमी. सांगा की ओ तुमी!"

"खरंय," मी म्हटलं. "फोननंच आणलं."

ती बाई, म्हणजे गौराक्कांच्या वैनी, उठल्या. मांडीवरच्या शेंगा सगळ्या अंगणभर. "बर्री वन्सं, बर्री! या की आत!" असं कानडी-मराठीत म्हणत फाटकाशी आल्या, आणि आत वळून ओरडल्या, "आवो, बाहेर या! बघा कोन आलंय!"

भाऊ बाहेर आले. पिकल्या मिशांचे, पार वाकलेले. बहिणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला. शेवटी हात पुढं केला. "आण तो फोन हिकडं."

फोन उलटासुलटा करून बघितला. "चार्जिंग संपलंय की ह्याचं. लावतो." मग खाली बघत म्हणाले, "पर आमच्यात लाईट लई कमी असती, अक्का. सकाळपतुर लागंल."

गौराक्कांनी चपला काढल्या.

"लागू दे की," त्या म्हणाल्या.