काटेरावांची मैना आणि वहिनींचा मैनामहाल

एका जंगलात, बरं का मुलांनो, काटेराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. ही गोष्ट सांगत सुटल्यापासून मला तिथे मज्जाव आहे.

काटेरावांनी एक युक्ती शोधून काढली. मैनेला निरोप पाठ करायला शिकवायचं. तुम्ही घरी नसलात, की येणारा मैनेला निरोप सांगून जाणार. तुम्ही परतलात, की मैना तो जसाच्या तसा म्हणून दाखवणार.

दुसऱ्या कुणी ही युक्ती बिळात दडवली असती. काटेरावांनी सगळी रीत सादड्याच्या खोडावर कोरून ठेवली. वर लिहिलं, ‘कुणीही वाचा, कुणीही मैना पाळा. सुधारणा सुचली, तर खाली कोरा.’

घरोघरी मैना आल्या. काटेरावांचं नाव झालं. आणि तिथूनच त्यांचे हाल सुरू झाले.

एके सकाळी दंतोबा रानडुक्कर तावातावाने आला.

“काटेराव, तुमची मैना दोन दिवस गप्प बसलीय!”

“खायला घातलंत का तिला?”

“म्हणजे? खायलाही घालायचं?”

“तिसऱ्याच ओळीत कोरलंय, दंतोबा.”

“खोड वाचत कोण बसतो! युक्ती तुमची, तुम्हीच निस्तरा.”

काटेराव पडले भिडस्त. गेले. तिथून सशाकडे गेले, त्याची मैना शिंकत होती. तिथून अस्वलाकडे, कारण त्याची मैना घोरायला शिकली होती.

इकडे काटेरावांच्या घरची मैना उपाशी. तिने निरोप ऐकला आणि विसरून गेली. निरोप होता पलीकडच्या डोंगरावरच्या लेकीचा. ‘मुलगी झाली. गुरुवारी बारसं. नाव बाबांनी सुचवायचं.’

मैनेला तो आठवला शुक्रवारी.

“अहो!” काटेरावांची बायको टोकेरीबाई कडाडल्या. त्यांचे सगळे काटे उभे होते. “जगाच्या मैना बोलत्या केल्यात, आणि नातीचं नाव ठेवलं व्याह्यांनी! काय ठेवलंय ठाऊक आहे? बोथी! साळिंदराच्या पोरीचं नाव बोथी!”

काटेरावांनी घाईघाईने मैनेपुढे दाणे टाकले.

“आता उष्टावणही चुकलं, तर मी लेकीकडे जाईन ती परत यायची नाही.”

“मग खोड तासून टाकू का?”

“खोडाला हात लावायचा नाही. ते असू द्या सगळ्यांचं. उद्यापासून आपल्या दारचा हा वड माझा.”

दुसऱ्या दिवशी वडावर पाटी लागली. ‘मैनामहाल. मैना आमच्या, दाणापाणी आमचं, साफसफाई आमची. तुम्ही फक्त बोला. दर पौर्णिमेला टोपलीभर बोरं.’

मैना त्याच जातीच्या. रीत खोडावरचीच. नवी होती ती टोपली.

रांगेत पहिला दंतोबा. घरची मैना त्याने कालच उडवून लावली होती.

झुपी नावाची एक खार मात्र खोड वाचून आपली मैना आपणच सांभाळायची. तिने खाली एक ओळ कोरली, ‘सकाळी पेरू दिला, की मैना निरोप विसरत नाही.’ टोकेरीबाईंनी ती वाचली, झुपीचे मनापासून आभार मानले आणि पेरू खाणाऱ्या मैनांची फांदी वेगळी केली. तिथे दोन टोपल्या.

दंतोबा दोन टोपल्या घेऊन तिथेही पहिला.

मग लेकीचा निरोप आला, उष्टावणाचा. तो पेरूवाल्या मैनांच्या फांदीवर आला, त्यामुळे वेळेवर कळला. टोकेरीबाईंनी नवी पाटी लावली, ‘आठ दिवस मैनांचं मौनव्रत. आपल्याच सोयीसाठी.’ आणि दोघं निघाली. काटेरावांनी बोथीला पहिला घास भरवला. बोथीने तो त्यांच्याच अंगावर उडवला. इतकं सुख त्यांना खोड कोरतानाही झालं नव्हतं.

इकडे दंतोबा पाटीसमोर उभा होता.

“मौनव्रत! व्वा! मैनांची केवढी काळजी घेतात वहिनी!”

“दंतोबाकाका,” झुपी म्हणाली, “माझी मैना बोलतेय की. या, सांगा निरोप. फुकट आहे.”

दंतोबाने तिच्याकडे दयेने पाहिलं.

“फुकट? आणि बंद पडली, तर मी बोरं कुणाला द्यायची, बाळ?”

तात्पर्य : मुलांनो, ज्ञान खुशाल फुकट वाटावं, ते कुणी वाचत नाही. भाडं घ्यावं ते दुसऱ्याच्या आळसाचं. त्याची कुणी तक्रारसुद्धा करत नाही.