शेवटी बोलणाऱ्यांचा ब्रेड

कारखान्याची खरी प्रगती तिथे काय तयार होतं यावरून कळत नाही. ते तयार करण्याचा निर्णय किती जणांनी आणि किती शांतपणे घेतला, यावरून कळते. ही गोष्ट शहराबाहेरच्या त्या ब्रेडच्या कारखान्याला एका प्रशिक्षण शिबिरात पटली. त्याआधी तिथे नुसताच ब्रेड होत असे.

सकाळपाळीच्या प्रमुखाला सगळे 'पटकन' म्हणत, कारण हा शब्द कायम त्याच्या तोंडी असे. पीठ सैल झालं, पटकन पाणी कमी करा. गाडी आली, पटकन भरा. त्याच्या या सवयीमुळे ब्रेड वेळेवर निघत असे आणि नेमकी हीच त्याची अडचण होती. पटकन अजून तात्पुरता होता. कायम करण्याची वेळ आली तेव्हा मॅनेजरबाईंनी शेरा मारला, "काम चोख. नेतृत्वगुण नाहीत. चर्चेआधीच निर्णय घेतो." आणि प्रकरण पुढे ढकललं.

"अहो, पण तुमचे निर्णय चुकले का कधी?" बायकोने विचारलं. तिचे दिवस भरत आले होते.

"नाही ना. ते कोण बघतंय?"

"मग सावकाश चुका. पण या खेपेला कायम होऊन या. बाळ यायच्या आत हक्काचा पगार हवाय मला."

पटकन मुकाट्याने शिबिराला गेला. शिकवणारे गृहस्थ फार विद्वान होते (ब्रेडशी त्यांचा संबंध खाण्यापुरता, तोही कडा काढून). त्यांनी चांगल्या निर्णयाची चौकट फळ्यावर आखून दिली. एकट्याने घेतला तो निर्णय नव्हे, उतावळेपणा. निर्णय वेगळा आणि परिणाम वेगळा. परिणाम वाईट झाला म्हणून निर्णयाला बोल लावू नये. (हे तत्त्व सगळ्यांना ताबडतोब पटलं.) आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, खरा नेता शेवटी बोलतो. साहेब आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. म्हणून त्याने ऐकावं, मान डोलवावी, फार तर "आणखी सांगा" म्हणावं.

तत्त्वात खोट काढायला जागाच नव्हती. कारखान्याने ते मनापासून स्वीकारलं. एकालाच नेता केलं असतं तर पक्षपात झाला असता, म्हणून मॅनेजरबाईंपासून ब्रेड कापणाऱ्या ताईंपर्यंत सगळ्यांना नेता करण्यात आलं. पुढच्या अहवालात निर्णयांचा दर्जा चौसष्ट टक्क्यांनी सुधारल्याची नोंद आहे. (आधीचा दर्जा कोणी मोजलेला नव्हता, त्यामुळे तुलना सोपी गेली.)

मग पटकनच्या परीक्षेचा दिवस आला. त्याने आपल्या माणसांची बैठक घ्यायची आणि मॅनेजरबाईंनी ती बघायची, असं ठरलं होतं. विषय आयताच मिळाला होता. सकाळपासून भट्टी गरजेपेक्षा जास्त तापत होती. बैठक भट्टीला लागून असलेल्या खोलीत भरली.

"भट्टी फार तापतेय. काय करावं?" पटकनने विचारलं आणि तो शिकवल्याप्रमाणे गप्प बसला.

भट्टीवाले काका गप्प बसले. दुरुस्तीवाला गप्प बसला. ब्रेड कापणाऱ्या ताईंनी सगळ्यांकडे उत्तेजनपर नजरेने पाहिलं.

"बोला ना काका."

"छे छे, आधी तुम्ही."

"मी ऐकतोय."

"मी तरी दुसरं काय करतोय?"

दाराखालून वास यायला लागला. पटकनच्या नाकाला तो आधी कळला. भट्टीचा खटका दाराबाहेर, अगदी हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होता. त्याचा हात आपोआप उठला. तेवढ्यात मॅनेजरबाईंचं पेनही उठलं. पटकनने त्या हाताने कान खाजवला आणि हात खाली घेतला. आत चांगला माल जळत होता आणि डोळ्यांपुढे बायकोचा चेहरा होता.

खोलीत धूर भरला.

"आणखी सांगा," ताई डोळे पुसत म्हणाल्या. (अजून कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं.)

मॅनेजरबाईंना जोराचा खोकला आला.

"हे मत धरायचं का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"नाही, नाही!" बाई घाईघाईने म्हणाल्या. "मी शेवटी बोलणार आहे."

अखेर भट्टी आपणहून बंद पडली. त्या दिवशी बैठकीशिवाय झालेला हा एकमेव निर्णय. सकाळचा सगळा माल काळाठिक्कर पडला होता.

पटकनला कायम करण्यात आलं. "नाकातोंडात धूर जाऊनही उमेदवाराने आपलं मत कोणावर लादलं नाही," असा शेरा मिळाला. घरी बायकोने आनंदाने डोळे टिपले आणि कपड्यांना कसला वास येतोय म्हणून विचारलं. "नेतृत्वाचा," तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. पण लाजेबद्दल कोणाशी बोलायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

उरला प्रश्न मालाचा. निर्णयप्रक्रिया निर्दोष होती, तेव्हा तिच्यातून निघालेला ब्रेड फेकून देणं तत्त्वात बसेना. म्हणून 'अस्सल खरपूस' असं नाव देऊन, किंमत थोडी चढवून तो दुकानांत पाठवला. पटकन तक्रारींची वाट बघत बसला. खरं तर एखादी तरी यावी, अशी त्याची मनापासून इच्छा होती. एकही आली नाही.

ती यायची कशी? तुम्हीही त्यातलाच आणला होता. चहाबरोबर पहिला घास घेतलात, तो कडू लागला आणि तुम्ही घरच्यांकडे पाहिलंत. घरचे चावत चावत तुमच्याकडे बघत होते. मग तुम्ही दुसरा तुकडा उचललात आणि त्याला जरा जास्त लोणी लावलंत. तुमचं प्रशिक्षण कोणत्या शिबिरात झालं, याची कारखान्यात सध्या चौकशी चालू आहे.