रंगहीन पाण्याचा डाग

दिनांक १४ नोव्हेंबर १९८८ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या बोईसर येथील सांडपाणी निरीक्षण उपकार्यालयातील नव्या हिरव्या गालिच्यावर डाग पडला. तो मी पाडला. नाव कमलाकांत सावे, राहणार केळवे, हुद्दा वरिष्ठ लिपिक.

गालिचा नवा होता, कारण एकवीस तारखेला मुंबईहून पाहणी समिती येणार होती. खाडीत कारखान्यांचे रंगीत पाणी येते आणि मासे मरतात, अशा तक्रारी खाडीकाठच्या गावांतून दोन वर्षे येत होत्या. त्यांची गंभीर दखल घेऊन वरिष्ठ कार्यालयाने आम्हांला गालिचा मंजूर केला.

आमच्याकडे पाण्याच्या तपासणीचा छापील तक्ता असे. त्यात 'रंग' या रकान्यापुढे 'रंगहीन' हा शब्द आधीच सायक्लोस्टाइल केलेला होता. त्यामुळे वेळ वाचे. 'वास' हा रकाना मात्र कोरा होता; तिथे अधिकाऱ्याला स्वविवेक वापरता येई. असे अकरा अहवाल माझ्या सहीने गेले होते. अक्षर माझे चांगले आहे.

त्या सकाळी काशीबाई तांडेल आली. तिचा नवरा पुंडलिक खाडीत छोटी होडी घालायचा आणि ती मासळी विकायची. केळव्याला आमच्या दारात तिची पाटी मी लहान असल्यापासून उतरत असे. आज पाटीऐवजी तिच्या काखेत लोणच्याची काचेची बरणी होती, आणि बरणीत नाल्याच्या तोंडाशी भरलेले पाणी. त्याचा रंग कोकमाच्या आगळाचा होता.

"बघा भाऊ, ह्याला रंग हाय का नाय?" तिने विचारले.

प्रश्न तांत्रिक होता. मी बरणी दोन्ही हातांनी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि म्हणालो, "रंग असा ठळकपणे म्हणता येणार नाही, काशीबाई..."

तेवढ्यात बरणी निसटली. गालिचा जाड असल्यामुळे ती फुटली नाही. पाणी मात्र सगळे गालिच्याने घेतले, आणि तिथे मोठ्या ताटाएवढे लालभडक वर्तुळ उमटले. ते ठळकपणे म्हणता येण्यासारखे होते.

शिपाई गोमाने आधी साबण लावला. डाग परातीएवढा झाला. मग लिंबू चोळले, मग रॉकेल. गोमाच्या बायकोने सांगितले म्हणून दूधही ओतले. संध्याकाळपर्यंत डाग सुपाएवढा झाला आणि त्यावर माशा बसू लागल्या. गोमाचे हात मनगटापर्यंत लाल झाले. ते पुढे होळीपर्यंत तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी आमचे देवस्थळी साहेब दौऱ्यावरून परतले. त्यांनी डागाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"मुंबईहून गालिचे धुणारा बोलवा."

"त्यासाठी नुकसान अहवाल लागतो, साहेब."

"मग भरा."

"त्यात 'डागाचे कारण' असा रकाना आहे, साहेब."

"लिहा. खाडीचे पाणी." एवढे बोलून साहेब थांबले. ते हुशार गृहस्थ होते. सावकाश खुर्चीत बसून त्यांनी विचारले, "सावे, रंगहीन पाण्याचा डाग पडतो का?"

"नाही पडत, साहेब."

"मग हे काय आहे?"

"डाग आहे, साहेब."

"विचार करून भरा. अकरा अहवाल तुमच्या सहीचे आहेत. त्यावर माझीही सही आहे, पण तुमची आधी आहे."

मी विचार करीत बसलो असताना काशीबाई बरणी न्यायला आली. गालिचा बघून ती दारातच थबकली. मला वाटले, बिचारीला अपराधी वाटत असेल. तिचा चेहरा उजळला होता.

"बरं झालं गो बाय!" ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "भाऊ, आता तरी लिवाल. दोन वर्सं आमी सांगतो, कोन ऐकत नाय. आता तुमच्याच घरात पडलाय. तुमी एवढंच लिवा, ह्या पान्यानं जाजम रंगला. एकच ओळ."

"तसं लिहिता येत नाही, काशीबाई."

"का? तुमी बघितलं ना डोल्यांनी?"

"डोळ्यांनी बघितलेलं वेगळं. नोंद वेगळी."

"आमच्या होडीला सा महिन्यांत टोपलीभर निवटी नाय गावली, भाऊ. पुंडलिकाच्या पायांना जखमा झाल्यात. खाडीत उतरला का रात्रभर खाजवतो. ती तुमची समिती येते, तिला हा कागद दावा. मंग ती येल खाडीवर."

"बघतो," मी म्हणालो. सरकारी भाषेत याचा अर्थ नाही असा होतो. काशीबाईच्या भाषेत बघतो म्हणजे बघतो. ती समाधानाने बरणी घेऊन गेली.

ती गेल्यावर मी अहवाल पुढे ओढला. खरे सांगतो, पेन 'खा' या अक्षरापर्यंत गेले होते. मग मला पदोन्नतीची यादी आठवली, बहिणीचे लग्न आठवले, आणि बहीण अजून नववीत आहे हेही आठवले. तरी लग्नच जास्त आठवले. मी 'खा' खोडला आणि लिहिले : शाई.

साहेबांना पर्याय पसंत पडला. फक्त त्यांनी एक शंका काढली. "डाग लाल आहे. कार्यालयाची शाई निळी आहे."

"लाल शाई लिहितो, साहेब."

"लाल शाई वापरण्याचा अधिकार तुम्हांला नाही. मला आहे. म्हणजे शाई मी सांडली असा अर्थ होईल."

त्यावर मार्ग निघाला. वरिष्ठ लिपिक श्री. सावे यांनी अंदाजे दोन लिटर लाल शाई विनापरवाना जवळ बाळगली व ती निष्काळजीपणे सांडली, अशी नोंद झाली. एवढी शाई कशासाठी बाळगली याचा खुलासा माझ्याकडून मागवण्यात आला. मी लिहिले की, कामाच्या ओघात. खुलासा असमाधानकारक ठरून माझ्या सेवापुस्तकात ताशेरा आला. तो साहेबांनी लाल शाईने लिहिला.

आता समितीला चार दिवस उरले होते आणि मुंबईचा धुणारा लाल शाईचा डाग हातात घ्यायला तयार नव्हता. शेवटी साहेबांनी वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याला फोन केला. हाच तो कारखाना, ज्याच्या नाल्याची तपासणी आम्ही करीत असू. व्यवस्थापक फार मनमिळाऊ निघाले. त्यांनी लगेच आपला जुना माणूस पाठवला. रामसुमेर त्याचे नाव.

रामसुमेर गालिच्याजवळ उकिडवा बसला, बोट घासले आणि हसला. गावाकडचे कुणी भेटल्यासारखा.

"अरे साहब, ये तो अपने यहाँ का माल है! तीन नंबर प्लांट. बीस साल धूप में रखो, नहीं जाएगा. पक्का रंग है."

"हे लिहून घेऊ नका, सावे," साहेब म्हणाले.

मी तसाही लिहीत नव्हतो.

रामसुमेरने पांढरी पूड आणली होती. तिला तो हायड्रो म्हणत होता. ती गरम पाण्यात कालवून त्याने डागावर ओतली. कार्यालयात असा वास सुटला की 'वास' हा रकाना मी आयुष्यात प्रथमच मनापासून भरू शकलो असतो. दहा मिनिटांत डाग नाहीसा झाला. मात्र त्याच्याबरोबर गालिच्याचा हिरवा रंगही गेला, आणि सुपाएवढा पांढुरका ठिपका उरला. पूर्वी हिरव्यावर लाल डाग होता, आता हिरव्यावर पांढरा.

"अब पूरा सफेद करना पड़ेगा," रामसुमेर म्हणाला.

तर्क बिनतोड होता. एका भागाशी जुळेना म्हणून सगळे बदलावे, हे तत्त्व शासनाला नवे नाही. गालिचा मागच्या आवारात नेऊन अख्खा उकळत्या पाण्यात काढला. दिवसभर हिरवे पाणी गटारातून वाहत होते. गटार नाल्याला मिळते आणि नाला खाडीला. याचा नमुना कुणी घेतला नाही. घेणारे आम्हीच होतो आणि आम्ही गालिचा धूत होतो.

एकवीस तारखेला समिती आली. दारातून आत पाऊल टाकणार तोच अध्यक्षांना शुभ्र गालिचा दिसला. ते गहिवरले. औद्योगिक वसाहतीत एवढी स्वच्छता त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी बूट काढले, म्हणून सगळ्यांनी काढले. पाचही सदस्य मोज्यांवर बसून केळव्याहून आणलेली शहाळी प्यायले. दोन वाजता खाडीवर जायचे ठरले होते. पण आता पुन्हा बूट घालायचे, नाड्या बांधायच्या, चिखलात उतरायचे आणि त्याच पायांनी गालिच्यावर परत यायचे, हे कुणालाच प्रशस्त वाटेना.

"पाण्याच्या रंगाबाबत काय स्थिती आहे?" एका सदस्याने थेट मला विचारले.

मी उभा राहिलो. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बोलायला मला पुरेसा वेळ मिळाला, हे मान्य करतो. साहेबांनी खाकरून अकरा अहवाल पुढे सरकवेपर्यंत निदान पाच सेकंद गेले असतील. त्या पाच सेकंदांत मी अंगठा आत घेण्याचा प्रयत्न करीत होतो.

खाली रस्त्यावर काशीबाई, पुंडलिक आणि वीस-पंचवीस माणसे सकाळपासून बसून होती. तीन वाजता गाड्या निघून गेल्या. मी खाली उतरलो.

"काय बोलले?" काशीबाईने विचारले. "कवा येतात खाडीवर?"

"नाही येणार."

"आन तो कागद? दावला?"

मी वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच मला एकेरीवर आली. "तू नोकरीला लागलास ना, तवा तुज्या आयशीनं माज्या पाटीत पेढे ठेवले होते. बोलली, माजा पोर सायब झाला, आता तुमचं काय काम असंल तर सांगा." एवढे बोलून तिने पदर खोचला आणि पुंडलिकाचा हात धरून त्याला उठवले. त्याला उभे राहायला वेळ लागला.

समितीचा अहवाल उत्तम आला. आदर्श कार्यालय म्हणून प्रशस्तिपत्र मिळाले. ताशेऱ्यामुळे माझी पदोन्नती तीन वर्षे लांबली, पण मिळाली.

ही हकिगत मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लग्नांत, निरोपसमारंभांत, एकदा तर विभागीय प्रशिक्षणवर्गात. लोक पोट धरून हसतात. मग कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतेच, "सावे, ती पूड मिळते कुठे? आमच्याकडे पण एक डाग आहे." मी पत्ता देतो. पुंडलिकाच्या पायांचे पुढे काय झाले, हे मात्र अजून कुणी विचारलेले नाही. तुम्ही आता विचारणारच होतात, असे मी धरून चालतो.