राजकुमारचा हातगुण

सुलेखाला बँकेनं वर्षभरासाठी नांदेडला पाठवलं, तेव्हा राजकुमारनं "दर शनिवारी येतो" असं बायकोला छातीठोक सांगितलं होतं. पण शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या कंपनीत गेटपासचं नवं सॉफ्टवेअर बसलं, ते सांभाळायचं काम त्याच्याकडं आलं आणि सलग तीन शनिवार नांदेडची बस त्याच्याशिवायच गेली.

जेवणाची सुट्टी संपली की पहिला पास अडकायचा. गेटशी ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्ला. गेटवरचे कडुबा फोन करायचे, "साहेब, लवकर या. स्क्रीनवर चक्र नुसतंच फिरायलंय." राजकुमार धावत जायचा, बटण दाबायचा आणि पास फर्रकन बाहेर!

"लई हातगुण हाय साहेबाला," कडुबा म्हणायचे.

हा हातगुण मॅनेजर तात्यासाहेबांच्या कानी गेला. "तुम्ही आलात की चालतं ना? मग शनिवारची सुट्टी मागताच कशाला? गेटवर खुर्ची टाकून देतो."

त्या संध्याकाळी सुलेखा फोनवर म्हणाली, "अहो, तुमच्या वाटणीची मटकी मी दर शनिवारी भिजवते. मग मंगळवारपर्यंत एकटीच खाते."

दुसऱ्या दिवशी राजकुमार सर्व्हरच्या नोंदींचे लॉग उपसायला बसला. गेटचा वेब सर्व्हर पास तयार करणाऱ्या पुण्यातल्या अॅप्लिकेशन सर्व्हरशी जोडलेलं कनेक्शन दिवसभर उघडं ठेवायचा. अर्धा तास त्यावर हालचाल दिसली नाही की मधली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची पहारेकरीण, ते गुपचूप तोडायची, दोघांनाही न सांगता. जेवणानंतरचा पहिला पास त्या तुटलेल्या कनेक्शनवर उत्तराची वाट बघत राहायचा. राजकुमार धापा टाकत पोचेपर्यंत गेटच्या सर्व्हरनं कंटाळून नवं कनेक्शन जोडलेलं असायचं. हात कुणाचाही चालला असता!

"मी सेटिंग लावेपर्यंत जेवणाच्या सुट्टीत दर दहा मिनिटांनी बटण दाबत जा," त्यानं कडुबांना सांगितलं. कडुबांनी इमानेइतबारे दाबलं. सहा पास निघाले, सहाही कडुबांच्या नावानं.

"हा माणूस तासात सहादा बाहेर गेला," तात्यासाहेब कडाडले, "आणि आत एकदाही आला नाही?"

शेवटी सर्व्हरच दर दहा मिनिटांनी पलीकडे 'आहेस का?' असं विचारील, अशी सोय राजकुमारनं केली. शनिवारी जेवणानंतरचा पहिला पास कडुबांनी आपल्या हातानं झटक्यात काढला. तात्यासाहेब जरा हिरमुसले, पण सुट्टी मिळाली.

नांदेडला सुलेखा दारातच उभी, पदर खोचून. "बरं झालं आलात! आज बदलीची ऑर्डर आली, वर्ष भरायच्या आधीच. सोमवारपासून परत आपल्याकडंच. सकाळी टेम्पो येतोय. आधी हे कपाट धरा."

रविवारी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती. सुलेखा पुढं बसली, राजकुमार मागं, कपाट कवटाळून. परभणी गेलं, मंठा गेलं. केबिनच्या मागच्या काचेतून त्याला तिचा अंबाडा तेवढा दिसत होता. जालन्याला ड्रायव्हर चहाला उतरला. राजकुमारनं मागून टुणकन उडी मारली, पुढं तिच्याशेजारी जाऊन बसला आणि हाक दिली, "भाऊ, घाई नाय! तुम्ही दोन कप घ्या!"