टेकडीवरचा साहेबी किल्ला

आमचे शेजारी घाटेकाका कुठल्याही विषयावरून चार मिनिटांत आपल्या किल्ल्यावर येत. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. पेट्रोल महागलं म्हणा, “किल्ल्याचे दगड बैलगाड्यांनी चढवले, एक थेंब पेट्रोल नाही!” हे तयार.

किल्ला झिंबाब्वेतला. काकांनी तिथल्या एका गावात बरीच वर्षं गणित शिकवलं होतं. गावामागच्या टेकडीवर कुणा इंग्रज साहेबाने तो बायकोसाठी बांधला, चांगला बुरुजांसकट. “बाई आली, म्हणाली वारा फार आहे, आणि पुढच्या बोटीने परत! मग लढाईत जखमी सोल्जर ठेवले, मग हॉटेल झालं.”

२००४ साली काका सहा महिन्यांसाठी टेक्सासमधल्या अर्विंगला, आमच्या शेजारच्या घरी, मुलाकडे आले होते. दिवाळी झाली की नागपूरला परत, आणि पुन्हा हा प्रवास झेपणार नाही म्हणत. जाण्याआधी आमच्या बॅकयार्डात, माझ्या मुलीला, इराला, हाताशी धरून तो किल्ला पुरा करायचाच, असं त्यांनी ठरवलं.

“काका, दिवाळीत गोऱ्याचा किल्ला? महाराज कुठे बसवायचे?”

“पाहुणे म्हणून येऊ देत की. व्हरांडा ऐसपैस आहे!”

टेक्सासची माती चिकट. रोज संध्याकाळी दोघं कोपरापर्यंत माखलेले. बुरुज बोटभर सरकला तरी काका पाडायला लावत. “इतिहासात अंदाज चालत नाही!” एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी नऊ वर्षांची इरा आता “बाबा, अजून चिखल आण!” असे हुकूम सोडू लागली. माझे वडील नाहीत, सासरेही नाहीत. तिला सहा महिने आजोबा मिळाले, याचे आभार मी कसे मानणार?

धनत्रयोदशीला किल्ला पुरा होत आला. इराने विचारलं, “काका, व्हॉट्स इनसाइड?”

काकांनी हातातला चिखल खाली ठेवला. मग म्हणाले, “माहीत नाही गं. आत आम्ही गेलोच नाही कधी. रोज खालून, क्वार्टरच्या ओट्यावर बसून बघायचो. मी म्हणायचो चल, तर काकू म्हणायची, खालूनच छान दिसतो. तिला त्या पायऱ्या चढवत नव्हत्या, हे मला डॉक्टरांकडून कळलं. ती जायच्या दोन दिवस आधी.”

इरा किल्ल्याजवळ सरकली. तिने तळहाताने सगळ्या पायऱ्या दाबून सपाट केल्या आणि दारापर्यंत गुळगुळीत रस्ता केला. मी काकांकडे पाहिलं. आता पाडायला लावणार!

काका गुडघ्यांवर बसले, डोळे बारीक करून त्या रस्त्याकडे बघत राहिले.

“अगं, चढ आणखी थोडा कमी कर,” ते म्हणाले. “तिला दम लागतो.”