शेवटल्या बाकास वेढा पडला त्याची हकीकत

आकाश व पृथ्वी ज्यानें निर्मिली त्या प्रभूचे चरणीं मस्तक ठेवून वर्तमान लिहितों ऐसें जे, शके एकोणीसशें चाळीस, इसवी सन दोन हजार अठरा, उन्हाळ्याचे दिवसांत, एका गांवीं प्रॉटेस्टंट मंडळीचें थोर देऊळ होतें. चारशें माणूस बसेल ऐसा विस्तार, परंतु रविवारचे उपासनेस जेमतेम वीस-पंचवीस असामी येत, आणि तेही आपापले वडिलोपार्जित बाकावर, एक पूर्वेस, एक पश्चिमेस, ऐसे बसत, जणूं आपसांत तह होणें बाकी आहे. मग वरिष्ठ परिषदेचा हुकूम आला कीं, वर्षअखेर हीच गत राहिल्यास देवळास कुलूप घालून मंडळी शेजारचे गांवीं सामील करावी. तेव्हां पाळक रेव्हरंड अबीशय उजगरे बहुत चिंतेंत पडले, आणि प्रथम गिटार आणविली, मग भिंतीवर पडदा लावून गीतें मोठ्या अक्षरीं दाखविलीं. पडदा पाहावयास दोघे नवे आले, आणि वीज जातांच तेही गेले.

मग पाळकसाहेब गैरहजरांचे घरोघर स्वारीस निघाले. मार्थाबाई पारधे म्हणून निवृत्त शिक्षिका, पूर्वीं गायनवर्गांत अग्रणी, त्यांस पुसिलें कीं येणें कां सोडिलें. बाईंनीं चहा पुढें ठेविला आणि बोलिल्या, "पाय मोडून घरी पडले होते, कोणाला कळलं नाही. मग बरी झाले तरी आले नाही. तेही कोणाला कळलं नाही." येत्या रविवारीं एकवार यावें ऐसी विनंती करून पाळकसाहेब निघाले.

रविवारीं त्यांनीं पुढील तीन बाकें सोडून बाकी मुलुखास दोरी बांधिली आणि सर्वांनीं जवळ बसावें ऐसी आज्ञा केली. मंडळी कुरकुरत पुढें आली. परंतु ज्येष्ठ पंच योनाथानराव ओहोळ, ज्यांचें दारालगतचें शेवटलें बाक म्हणजे तीन पिढ्यांचें ठाणें आणि वर देवळांतील चालता पंखा तेवढाच, ते दोरी ओलांडून तेथेंच बसले आणि म्हणाले, "आजोबांनी धरलेली जागा आहे. मी उठणार नाही." पाळकसाहेबांनीं राग न धरितां विचार केला कीं, पंच हलत नाहींत तर राज्य हलवावें. मग स्वतः उपदेशपीठावरून उतरले, पवित्र शास्त्र बगलेंत मारिलें, पेटीवाल्यास पेटी उचलावयास सांगितली, आणि सारी मंडळी नेऊन शेवटल्या बाकास चहूंकडून वेढा दिला.

इतक्यांत मार्थाबाई काठी टेकीत दारीं आल्या, तों वेढ्यांत बसावयास जागा नाहीं. योनाथानरावांनीं पंख्याकडे पाहिलें, काठीकडे पाहिलें, आणि अंग चोरून सरकले. म्हणाले, "इथं बसा. वारा इथंच लागतो. पायाला काय झालं?" बाई सांगूं लागल्या, आणि उपासना बहुत विलंबानें सुरू जाहली. पाळकसाहेबांनीं घड्याळ खिशांत घातलें.

सारांश, राज्य फार वाढलें नाहीं. पांच-सात घरें परतलीं आणि परिषदेनें कुलूप लांबणीवर टाकिलें. परंतु आतां कोणी न दिसल्यास उपासना सुटतांच मंडळी त्याचे दारीं हजर. योनाथानराव एकदां निव्वळ झोप लागून घरीं राहिले, तों मार्थाबाई कडू काढा घेऊन आल्या, आणि पंचसाहेबांस तो निरोगी अवस्थेंत प्यावा लागला. घडलें तैसें लिहिलें, लेखणी घसरली असल्यास वाचणारांनीं क्षमा करावी. आमेन.